प्रतिज्ञापत्र करताना या चुका टाळा

मजकूर टाइप झाला, खाली सही केली, शिक्का बसला की प्रतिज्ञापत्र झालं, असं पुष्कळांना वाटतं. खरं तर ती तुमची लेखी साक्ष असते. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून जे सांगितलं असतं तेच कागदावर येतं आणि त्यावर उलटतपासणीही होऊ शकते. तेव्हा "ते वकिलांनी लिहिलं होतं" हे उत्तर चालत नाही. प्रत्येक वाक्य स्वतः वाचा आणि जे पटत नाही ते बदलून घ्या.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पाहिलेलं आणि ऐकलेलं एकत्र कालवल्यामुळे. "शेजाऱ्याने सामाईक भिंत पाडली" हे वाक्य घ्या. पाडताना तुम्ही पाहिलं होतं का? नसेल तर असं लिहा: "१४ मार्चला संध्याकाळी सहाच्या सुमारास मी घरी आलो तेव्हा भिंत पडलेली होती. शेजाऱ्याने माणसं लावून ती पाडली, असं माझ्या भावाने मला त्याच दिवशी सांगितलं आणि ते मला खरं वाटतं." आता तुम्ही काय पाहिलं आणि काय, कोणाकडून ऐकलं, हे वेगवेगळं दिसतं. तरीही ऐकीव भाग कच्चाच राहतो. भावाने पाहिलं असेल तर त्याचंच स्वतंत्र प्रतिज्ञापत्र जोडलेलं बरं.

तारखेची खात्री नसेल तर "सुमारास" लिहायला संकोचू नका. ठाम लिहिलेली एक तारीख पावतीशी जुळली नाही, तर बाकीच्या खऱ्या मजकुरावरही संशय येतो. "दुष्ट हेतूने", "दहशत माजवून" असले शब्द गाळा. काय घडलं ते सांगा, युक्तिवाद वकील करतील.

सही घरून करून नेऊ नका. ती शपथ देणाऱ्या अधिकाऱ्यासमोरच व्हायला हवी, कारण समोर झालेली सहीच तो साक्षांकित करतो. देवाची शपथ घ्यायची नसेल तर सत्यप्रतिज्ञा करता येते. दोन्हींचं बंधन सारखंच. मजकुरात "परिशिष्ट ब" असेल तर जोडलेल्या कागदावरही तीच खूण हवी. खाडाखोड पांढऱ्या शाईने झाकू नका. चुकीचा शब्द एका रेघेने खोडा, तो वाचता आला पाहिजे, आणि शेजारी तुमची व अधिकाऱ्याची लघुस्वाक्षरी घ्या. कागदावरची भाषा सही करणाऱ्याला येत नसेल, तर मजकूर त्याच्या भाषेत समजावून सांगायचा आणि तशी नोंदही करायची. घरातल्या वृद्धांच्या बाबतीत हे फार वेळा राहून जातं, आणि त्यांनी कशावर सही केली हे त्यांनाच ठाऊक नसतं.

दाखल केल्यावर चूक सापडली तर? पान गुपचूप बदलायचं नाही. लगेच वकिलांना सांगा आणि पुरवणी प्रतिज्ञापत्र द्या. कोणत्या परिच्छेदात काय चुकलं, बरोबर काय आणि चूक कशी झाली, एवढं त्यात सरळ लिहा. खोट्या साक्षीचा गुन्हा जाणूनबुजून खोटं सांगितल्यावर लागतो. चूक कळूनही गप्प राहिलात, तर ती नजरचूकच होती हे पटवून देणं अवघड होऊन बसतं.