टर्मिनल लिहायला घेताय? खिडकी नंतर उघडा

स्वतःचा टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी दाखवणारा प्रोग्रॅम, लिहायचा म्हटलं की नवशिक्यांची नजर थेट जीपीयूवर (ग्राफिक्स चिपवर) जाते. अलाक्रिटी, किटी, घोस्टी या जीपीयूवर चालणाऱ्या टर्मिनलांचा बोलबाला आहे, तेव्हा साहजिकच. मी मात्र सांगेन, आधी पीटीवाय, म्हणजे आभासी टर्मिनलची जोडणी, समजून घ्या. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तुम्हाला दोन टोकं देतो: एकावर बॅश हे शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्रॅम, दुसऱ्यावर तुमचा प्रोग्रॅम. बॅशला वाटतं समोर खरंच टर्मिनल आहे. खिडकीचा आकार बदलला की नवा आकार कर्नलला कळवायचा, मग ‘आकार बदलला’ सांगणारा सिगविंच सिग्नल जातो आणि आत चालणारा व्हिमसारखा एडिटर स्वतःला नव्याने मांडतो.

पुढचं काम पार्सरचं, म्हणजे आलेले बाइट वाचून त्यांचा अर्थ लावणाऱ्या भागाचं. १९७८ सालच्या व्हीटी१०० या टर्मिनल यंत्राचे एस्केप कोड (रंग, कर्सर वगैरेंच्या सूचना) आजही चालतात. ते एका रीडमध्ये अख्खे येतील याची खात्री नसते, अर्धा कोड आत्ता, उरलेला पुढच्या खेपेला. म्हणून कुठवर वाचलं हे लक्षात ठेवणारं स्टेट मशीनच हवं. पॉल विल्यम्स यांनी काढलेली अशा पार्सरची आकृती समोर ठेवा आणि निकालाची तपासणी व्हीटीटेस्ट या चाचणी प्रोग्रॅमवर करा.

आता वेग. मोठी लॉग फाइल कॅट कमांडने पडद्यावर ओतल्यावर प्रत्येक ओळीला चित्र काढत बसलात, तर कितीही भारी जीपीयू घ्या, रडणारच. मिळतील तेवढे बाइट वाचा, ग्रिड (पडद्यावरच्या अक्षरांच्या घरांची जाळी) बदला आणि फ्रेममागे एकदाच काढा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर त्यासाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. अक्षराचं चित्र एकदाच बनवून ॲटलासमध्ये (अक्षरचित्रांच्या साठ्यात) ठेवायचं, तिथून हव्या त्या घरात उचलायचं. टर्मिनलचा वेग मोजणाऱ्या व्हीटीबेंचचे आकडे मिरवायला बरे, पण धावणारा लॉग कोण वाचतं? हाताला जाणवतो तो कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंतचा वेळ. मी तो आधी मोजतो.

खरी मजा आपल्या लिपीत आहे. ‘क्षितिज’ टाइप करा. डोळ्यांना तीन अक्षरं, युनिकोडमध्ये सात कोडपॉइंट (क्रमांक दिलेली चिन्हं), यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत २१ बाइट. घरं किती? वेलांटीला शून्य रुंदी दिली तर चार, एक दिली तर सहा. शेल एक हिशोब करतं, टर्मिनल दुसरा, आणि कर्सर भलतीकडेच उभा. शिवाय ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर, दिसते आधी, त्यामुळे शेपिंग, म्हणजे चिन्हं जुळवून योग्य जागी मांडणं, लागतंच; त्यासाठी हार्फबझसारखी लायब्ररी असते. एकेक कोडपॉइंट एकेका घरात कोंबणारी रचना इथे मोडते. म्हणून ग्रिडचं घर ठरवतानाच त्यात अख्खं ग्राफीम (‘क्षि’सारखं डोळ्यांना दिसणारं एक अक्षर) मावेल अशी सोय ठेवा, नंतर बदलायचं म्हणजे सिलेक्शन, स्क्रोलबॅक, सर्च सगळंच उकलावं लागतं.

रस्ट भाषेत पार्सरसाठी व्हीटीई नावाचं क्रेट (लायब्ररी) तयार मिळतं. तरी पार्सर एकदा हातानेच लिहा, मुलाखतीत त्यावर अर्धा तास सहज बोलता येतं.