आपली मते किती, उसनी किती : छोट्या पक्षाच्या नेत्याची कारकीर्द कशी मांडावी

छोट्या प्रादेशिक पक्षाच्या नेत्यावर लिहायचे ठरवले की हाताशी पहिल्यांदा येतात त्या गौरव अंकांतल्या आठवणी, वाढदिवसाच्या पुरवण्या आणि विरोधकांची भाषणे. यांतले काहीच टाकाऊ नाही, मात्र सुरुवात तिथून करू नये. आधी एक कोरा तक्ता आखावा आणि नेत्याने लढवलेली प्रत्येक निवडणूक त्यात भरावी : वर्ष, मतदारसंघ, पक्षाचे नाव, चिन्ह, मते, टक्केवारी, क्रमांक आणि त्या वेळी पाठीशी कोणता मोठा पक्ष होता. या शेवटच्या रकान्यावरच सारे लेखन उभे राहते, कारण छोट्या पक्षाच्या नेत्याला मिळालेल्या मतांपैकी आपली किती आणि मित्रपक्षाकडून उसनी आलेली किती, हे कळल्याशिवाय त्याच्या विजयाचे मोल करता येत नाही आणि पराभवाचेही.

निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालांतून बहुतेक आकडे मिळतात. पोटनिवडणुका मात्र वेगळ्या शोधाव्या लागतात. सांगोल्याचे गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षाकडून अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेले. पण १९६२ ते २०१४ या काळातल्या केवळ सार्वत्रिक निवडणुका मोजल्या तर विजय दहाच भरतात, कारण १९७२ मध्ये पडल्यानंतर ते १९७४ च्या पोटनिवडणुकीतून सभागृहात परतले होते. १९९५ चा पराभवही तक्त्यात दिसला पाहिजे. गौरव अंकांत अशी वर्षे हमखास गळतात.

दुसरी अडचण मतदारसंघांच्या पुनर्रचनेची. २००८ च्या पुनर्रचनेने अनेक मतदारसंघांच्या सीमा बदलल्या, काही नावे पुसली गेली आणि काही नवी आली. त्यामुळे २००४ आणि २००९ च्या आकड्यांची थेट तुलना करण्याआधी कोणती गावे आत आली व कोणती बाहेर गेली, हे तपासावे.

उसन्या मतांचा हिशेब कसा करायचा, हे स्वाभिमानी शेतकरी संघटनेचे नेते राजू शेट्टी यांच्या कारकिर्दीवरून चांगले शिकता येते. २००४ मध्ये ते शिरोळमधून विधानसभेवर गेले. २००९ मध्ये नव्याने झालेल्या हातकणंगले लोकसभा मतदारसंघातून, दोन्ही मोठ्या आघाड्यांच्या विरोधात, ते खासदार झाले. २०१४ मध्ये भाजप-शिवसेनेच्या महायुतीत राहून ते पुन्हा जिंकले, २०१९ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडीबरोबर लढून हरले आणि २०२४ मध्ये कोणाचाच हात न धरता उभे राहिल्यावर तिसऱ्या क्रमांकावर राहिले. नेता तोच, मतदारसंघ तोच, ऊसदराचे आंदोलनही तेच. बदलत गेली ती सोबत. इतका स्वच्छ नमुना क्वचित मिळतो. तरी २०१४ आणि २०२४ मधला फरक म्हणजेच महायुतीची मते, असे गणित मांडण्याचा मोह टाळावा. मधल्या दहा वर्षांत प्रतिस्पर्धी बदलले आणि मतदारही.

म्हणूनच एकूण आकड्यावर न थांबता फॉर्म २० पर्यंत जावे. निकालानंतर तयार होणारा हा तक्ता मतदान केंद्रनिहाय असतो : डावीकडे केंद्राचा क्रमांक, पुढे प्रत्येक उमेदवाराची मते, मग एकूण वैध मते, आणि २०१३ नंतरच्या निवडणुकांत ‘नोटा’चा रकाना. टपाली मते वेगळी दाखवलेली असतात. यात सहसा गावाचे नाव नसते, केवळ क्रमांक असतो, आणि केंद्रांचे क्रमांक दर निवडणुकीला तेच राहतील याची खात्री नसते. मतदान केंद्रांची यादी शेजारी ठेवून प्रत्येक क्रमांकापुढे गावाचे नाव लिहिण्याचे काम कंटाळवाणे खरे, पण ते टाळून कारकिर्दीवर लिहिणारे बहुतेक जण पुढे अंदाजावरच चालतात. आघाडी कोणतीही असो, ज्या गावांत नेत्याची मते दर वेळी टिकून राहतात, ती त्याची आपली. मित्रपक्ष सुटताच जिथे ती निम्म्यावर येतात, तिथे मते उसनी असण्याचा संशय घ्यावा.

पक्षाचा कायदेशीर दर्जा थोडक्यात पण अचूक नोंदवावा. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम २९अ खाली झालेली नोंदणी आणि १९६८ च्या चिन्ह आदेशानुसार मिळणारी मान्यता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. राज्य पक्ष म्हणून मान्यता मिळण्याच्या मार्गांपैकी एक म्हणजे विधानसभा निवडणुकीत ६ टक्के वैध मते आणि किमान २ आमदार. मान्यता नसलेल्या पक्षाला राखीव चिन्ह नसते, आणि मागच्या वेळचे चिन्ह या वेळी मिळेलच असे नाही. त्यामुळे मतदारापर्यंत नवे चिन्ह पोहोचवण्यातच प्रचाराचे कितीतरी दिवस जातात. चिन्हाचा रकाना तक्त्यात हवा तो याचसाठी.

सभागृहातले काम कामकाजाच्या अधिकृत नोंदींतून घ्यावे. एकट्या-दुकट्या सदस्याचे विधेयक सहसा संमत होत नाही. म्हणून ते मांडले कोणत्या आंदोलनाच्या पाठोपाठ, हे पाहणे अधिक उपयोगाचे. शेट्टी यांनी २०१८ मध्ये शेतकऱ्यांची कर्जमुक्ती आणि हमीभाव या विषयांवर लोकसभेत खासगी विधेयके मांडली, ती शेतकरी संघटनांच्या देशव्यापी मोहिमेचा भाग होती. जिल्हा परिषद, बाजार समिती, साखर कारखाना आणि दूध संघ यांच्या निवडणुकाही सोडू नयेत, कारण आमदारकी गेल्यावर पक्ष जिवंत राहतो तो तिथेच.

मुलाखती सर्वांत शेवटी घ्याव्यात, आणि त्याही आधी कार्यकर्त्यांच्या. विजयाविषयी सगळे सारखेच बोलतात. पडलेल्या निवडणुकीविषयी विचारावे. केंद्रनिहाय यादी समोर ठेवून, ‘या गावात त्या वर्षी मते निम्मी का झाली?’ असे विचारले की एखादा जुना कार्यकर्ता चष्मा लावून क्रमांकावरून बोट फिरवू लागतो आणि कोण फुटले, कोणाची समजूत काढायची राहिली, हे नावानिशी सांगतो. ते उत्तर तारखेसह त्याच ओळीसमोर लिहून ठेवावे आणि दुसऱ्या गटातल्या निदान एका माणसाकडून पडताळून घेईपर्यंत त्याचा रंग पेन्सिलीचाच राहू द्यावा.