इंटरकनेक्ट ॲग्रीमेंटवर सही करण्याआधी या चुका टाळा

मागच्या महिन्यात आमच्या पुण्यातल्या खराडीच्या ऑफिसात एक नवीन मुलगा सही झालेलं इंटरकनेक्ट ॲग्रीमेंट, म्हणजे दोन फोन कंपन्यांनी एकमेकांचे कॉल घ्यायचा करार, घेऊन आला, म्हणाला मॅडम रेट बघा काय भारी पाडून घेतलाय. रेट चांगला होता, खोटं कशाला बोलू. मी विचारलं बिलिंग कुठल्या टाइमझोनमध्ये, तर गप्प. रेट वाढला तर नोटीस कुठल्या मेलवर येणार, तर म्हणे त्यांच्या टेम्प्लेटमध्ये असेल काहीतरी. मी चौदा वर्षं व्हॉइस होलसेलची सेटलमेंट बघतेय, म्हणजे एका कंपनीचे कॉल दुसरीच्या नेटवर्कमधून गेले की महिनाअखेरीला कोणी कोणाला किती द्यायचे हे भांडण माझ्या टेबलावर येतं, आणि दरवेळी पैसे मागच्या पानांवरच्या दोन-तीन ओळींतून गेलेले असतात ज्या सही करताना कोणी वाचलेल्या नसतात. त्या ओळींबद्दल लिहितेय.

सगळ्यात आधी टाइमझोन, कारण याने माझे सगळ्यात जास्त दिवस खाल्लेत. इंटरनॅशनल व्हॉइसमध्ये बहुतेक कॅरियर, म्हणजे कॉल वाहून नेणाऱ्या कंपन्या, जीएमटीवर बिल करतात, आपल्याकडची सिस्टिम भारतीय वेळेवर असते, फरक साडेपाच तासांचा. नवीन लोकांना वाटतं महिन्याच्या सुरुवातीला साडेपाच तास इकडचे तिकडे झाले तर शेवटी तेवढेच परत येतील, हिशोब बरोबरच. तो बरोबर येत नाही, कारण ते दोन साडेपाच तास सारखे नसतात. २०२४ ला लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं. आपल्याकडे १ तारखेची पहाट म्हणजे अमेरिकेत अजून ३१ ऑक्टोबरची दुपार-संध्याकाळ, आणि तिकडची सगळी मंडळी दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला घरी फोन लावत बसलेली. एक अमेरिकन कॅरियर आम्हाला भारताचं ट्रॅफिक, म्हणजे इकडे येणारे कॉल, देत होता, ते सगळे कॉल आम्ही नोव्हेंबरमध्ये धरले आणि त्याच्याकडे ते ऑक्टोबरमध्ये गेले. नोव्हेंबरचं आमचं इन्व्हॉइस त्याच्या आकड्यापेक्षा दोन टक्क्यांहून जास्त निघालं. ॲग्रीमेंटमध्ये डिस्प्यूटची मर्यादा एक टक्का होती, म्हणजे त्याहून जास्त फरक असला की वाद काढता येतो, आणि वाद नसलेली रक्कम वेळेवर भरायची असं कुठेच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्याने दोन टक्के बाजूला ठेवून बाकीचे द्यायचे सोडून अख्खं इन्व्हॉइस अडवलं. आम्ही तिघं जण अकरा दिवस सीडीआर, म्हणजे दोन्हीकडच्या कॉलच्या नोंदी, जुळवत बसलो होतो, कॉल नंबरनुसार, रूटनुसार, काही सापडेना, शेवटी मी तासानुसार ग्राफ काढला आणि बरोबर एका बाजूचा साडेपाच तासांचा तुकडा वर आलेला दिसला. चोरी कोणी केली नव्हती, ओळ लिहायची राहिली होती.

तेव्हापासून मी स्वतः ड्राफ्ट उघडून तीन वाक्यं घालते, लीगलवाले काहीही म्हणोत. कॉल कुठल्या महिन्याचा हे तो सुरू झालेल्या वेळेवरून ठरेल (संपलेल्या वेळेवरून नाही, रात्री बाराच्या अलीकडे-पलीकडे चाललेला कॉल दोन्हीकडे वेगळा पडतो), घड्याळ जीएमटीचं असेल, आणि वाद जेवढ्या रकमेचा तेवढीच अडवायची, बाकीची ठरलेल्या तारखेला द्यायची.

याच्याच शेजारी पल्स असते, म्हणजे किती सेकंदांच्या तुकड्यांत बिल होतं ते. १/१ म्हणजे सेकंदाला सेकंद, ३०/६ म्हणजे पहिले किमान तीस सेकंद आणि पुढे सहा-सहाने, ६०/६० म्हणजे ६१ सेकंद बोललात तरी दोन मिनिटं. तुमचं ट्रॅफिक कॉल सेंटरचं असेल, वीस-वीस सेकंदांत लोक फोन ठेवत असतील, तर हजार कॉलचे १/१ वर ३३३ मिनिटं होतात आणि ६०/६० वर हजार. एवढा फरक असताना मिनिटामागे पाव सेंटसाठी घासाघीस करत बसू नका, आधी पल्स बघा. मेक्सिकोच्या रेटवर ६०/६० वर्षानुवर्षं दिसत आलंय आणि तरी लोक दरवेळी नवीन असल्यासारखे फसतात.

आता नोटीस. यावर मी जरा चिडूनच बोलते.

आमचा एक सप्लायर होता, आखातातल्या एका डेस्टिनेशनचा. आम्ही १.२ सेंटला घ्यायचो, पुढे १.३५ ला विकायचो, दिवसाला साधारण चाळीस हजार मिनिटं. ॲग्रीमेंट करणाऱ्या मुलाने नोटीसच्या पत्त्यात स्वतःचा मेल आयडी टाकला होता आणि कलम असं होतं की सप्लायरने मेल पाठवला म्हणजे तो पोचला असं धरायचं, सात दिवसांनी नवीन रेट लागू. मुलगा जूनमध्ये नोकरी सोडून गेला. विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी, अर्धं ऑफिस घरी, अर्धं रस्त्यावरच्या ट्रॅफिकच्या भीतीने निघायच्या तयारीत, अशा वेळी सप्लायरचा मेल आला, रेट २.१ सेंट. मेल गेला बंद पडलेल्या खात्यात. सात दिवस संपले, नवीन रेट लागू झाला, आणि आम्ही त्यापुढे बारा दिवस तसेच १.३५ ला विकत राहिलो. प्रत्येक मिनिटाला पाऊण सेंट खिशातून. ४,८०,००० मिनिटं, ३,६०० डॉलर, म्हणजे तीन लाखांच्या आसपास. सप्लायरशी भांडायला गेलो तर त्याने कलम दाखवलं, आणि कलम त्याच्या बाजूने होतं. मला अजून त्याचा राग येतो, त्या सप्लायरचा नाही, त्या घाईचा. पत्ता भरायला अर्धा मिनिट लागतो.

म्हणून नोटीसचा पत्ता कधीच माणसाचा नको, टीमचा सामायिक मेलबॉक्स हवा, जो माणसं बदलली तरी राहतो. रेटवाढीला किमान सात दिवस, रेट कमी झाला तर लगेच लागू. नोटीस म्हणजे ठरलेल्या फॉरमॅटमधली पूर्ण रेटशीट, मेलमध्ये लिहिलेली ओळ म्हणजे नोटीस नाही. आणि व्हॉट्सॲपवर तर अजिबातच नाही. आजकाल हे फार चाललंय, सेल्सवाले एकमेकांना अंगठा पाठवतात आणि म्हणतात डील झालं, मग माझ्याकडे स्क्रीनशॉट घेऊन येतात. माझी स्वतःची सवय म्हणजे सकाळी साडेनऊला चहाच्या आधी तो मेलबॉक्स उघडायचा आणि कालची-आजची शीट शेजारी ठेवून काय बदललं ते बघायचं. यासाठी टूल आहेत, आमच्याकडेही आहे, तरी मी डोळ्याने बघते.

शीट बघताना कोडची, म्हणजे नंबरच्या सुरुवातीच्या अंकांची, चूक फार सापडते. ४४७ म्हणजे यूके मोबाइल असं धरून राउटिंग करणारे खूप आहेत. ४४७७८१ ग्वेर्नसी, ४४७७९७ जर्सी, ४४७६२४ आइल ऑफ मॅन, आणि ४४७० तर मोबाइलच नाही, पर्सनल नंबरिंग आहे. यांचे रेट वेगळे असतात. तसंच +१ म्हटलं की अमेरिका डोक्यात येते, पण १८७६ जमैका आहे आणि १८०९ डॉमिनिकन रिपब्लिक. +७ मध्ये रशियाबरोबर ७७ ला कझाकस्तान बसलाय. ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्या की कॉल सगळ्यात लांब जुळणाऱ्या कोडच्या रेटने बिल होईल आणि शीटमध्ये नसलेल्या कोडवर कॉल घ्यायचाच नाही. नाहीतर तो कोड कुठल्या रेटला पडला हे समोरचा ठरवतो.

युरोपचं वेगळं. २०२१ च्या १ जुलैपासून युरोपियन युनियनने टर्मिनेशनला, म्हणजे कॉल शेवटच्या फोनपर्यंत पोचवायला, एकच कमाल दर ठरवून दिला, मोबाइलचा टप्प्याटप्प्याने उतरत २०२४ पासून ०.२ युरोसेंट, लँडलाइनचा ०.०७. हे वाचून लोक हुरळतात. पण भारतातल्या नंबरवरून लागलेल्या कॉलला ते संरक्षण मिळत नाही, तिकडचा ऑपरेटर फोन करणाऱ्याचा नंबर बघून दर लावतो, आणि तो नंबर आलाच नाही किंवा मोडका आला तर बाहेरचा समजून महागडा दर लावतो. मधल्या एखाद्या स्विचने (कॉल पुढे वळवणाऱ्या यंत्राने) पुढचा +९१ खाल्ला की संपलं. त्यामुळे फोन करणाऱ्याचा नंबर न बदलता, पूर्ण आंतरराष्ट्रीय स्वरूपात पुढे द्यायची जबाबदारी कोणाची, आणि तो बिघडवला तर वाढीव पैसे कोण भरणार, हे लिहा.

नंबर बदलण्यावरून आपल्याकडचंही सांगते, कारण इथे पैशाबरोबर पोलीसही येतात. २०२१ च्या १ जानेवारीपासून देशातल्या कॉलला टर्मिनेशन शून्य झालं. बाहेरून येणाऱ्या कॉलला मात्र मिनिटाला ३५ ते ६५ पैसे आहेत. म्हणजे परदेशी कॉल लोकल असल्यासारखा भासवला की तेवढे पैसे वाचतात, सिमबॉक्सवाल्यांचं, म्हणजे पेटीत ढीगभर सिम घालून परदेशी कॉल लोकल करून सोडणाऱ्यांचं, पोट यावरच भरतं. २०२४ मध्ये एटीएसने आपल्या कोंढव्यात असंच बेकायदा एक्सचेंज पकडलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दूरसंचार विभागाने परदेशातून भारतीय नंबर दाखवत येणारे खोटे कॉल अडवायची यंत्रणा सुरू केली. तुम्हाला कोणी बाजारभावाच्या फार खाली भारताचा रेट देत असेल तर तो कसा परवडतो हे विचारा, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर घेऊ नका, मार्जिन कितीही गोड दिसो.

कॉल उचलला कधी धरायचा, हेही लिहायचं असतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. समोर नुसती रिंग वाजतेय आणि मधल्या कॅरियरने उचलल्याचा सिग्नल आधीच देऊन मीटर चालू केलं, हे रोजचं आहे. मी नवीन रूट घेतला की सदाशिव पेठेतल्या आमच्या घरच्या ०२० च्या लँडलाइनवर पंचवीस-तीस टेस्ट कॉल लावते आणि आईला आधी सांगून ठेवते, फोन उचलू नकोस गं. मग सीडीआर बघते. एकाही न उचललेल्या कॉलवर बिलाचे सेकंद दिसले तर तो रूट त्याच दिवशी बंद. हे करायला एक तास लागतो आणि तरी लोक म्हणतात मॅडम लाइव्ह करू, नंतर बघू. ॲग्रीमेंटमध्ये ओळ एवढीच हवी की खोट्या उत्तराच्या सिग्नलचे कॉल सिद्ध झाले तर त्यांचे पैसे द्यायचे नाहीत, पुरावा म्हणून दोन्ही बाजूंचे सीडीआर आणि सिग्नलिंगचे ट्रेस चालतील.

फ्रॉडचं कलम टेम्प्लेटमधलं तसंच ठेवू नका. बहुतेक टेम्प्लेट म्हणतं, उचललेला प्रत्येक कॉल देय, कारण काहीही असो. मग भोसरीतल्या एखाद्या कारखान्याचा पीबीएक्स, म्हणजे आतली फोन यंत्रणा, शनिवारी रात्री हॅक होतो, सोमवार सकाळपर्यंत महागड्या नंबरांवर कॉल सुटत राहतात, कारखानदार पैसे द्यायला नकार देतो आणि वरचा कॅरियर तुमच्याकडून वसूल करतो. ठराविक दिवसांत कळवलं, पोलीस तक्रार जोडली, तर पूर्ण साखळीत पेमेंट थांबेल असं लिहून घ्या. आणि दिवसाची खर्चाची मर्यादा स्विचवर लावा, शनिवार-रविवारी आणखी कमी.

व्हॉल्यूम कमिटमेंट, म्हणजे ठरलेली मिनिटं द्यायचा शब्द: एएसआर पडला, म्हणजे लावलेल्यांपैकी उचलले जाणारे कॉल ठरलेल्या टक्क्याखाली गेले, तर कमिटमेंट सुटली पाहिजे. हे नसेल तर खराब रूटवरही मिनिटं भरत राहाल.

देशांतर्गत ॲग्रीमेंटला टर्मिनेशन शून्य आहे म्हणून ते वाचायचंच नाही, ही नवी पद्धत निघालीय. अहो, पोर्टचे, म्हणजे जोडणीच्या टोकांचे, पैसे आहेत, जागेचे आहेत, बँक गॅरंटी आहे, आणि मुख्य म्हणजे कपॅसिटी आहे. एका ईवनवर, म्हणजे एका जोडणीवर, ३० जण एका वेळी बोलू शकतात, एकतिसाव्याला लाइन मिळत नाही. ट्रायचा (दूरसंचार नियामकाचा) निकष पीओआयवर, म्हणजे दोन नेटवर्क जुळतात तिथे, कॉल अडण्याचं प्रमाण ०.५ टक्क्याच्या आत ठेवायचा आहे, त्यामुळे पोर्टची मागणी कोणी कधी करायची, अंदाज किती महिन्यांचा द्यायचा आणि नाही दिला तर काय, हे २०१८ च्या इंटरकनेक्शन रेग्युलेशनच्या पुढे जाऊन आपापसात स्पष्ट करून ठेवा. मी गणपती, दिवाळी आणि ३१ डिसेंबर यांचा अंदाज वेगळा देते, वर्षाच्या सरासरीत मिसळत नाही.

नंबरच्या सुरुवातीच्या अंकांवरून ऑपरेटर ठरवणं सोडा. जानेवारी २०११ पासून देशभर पोर्टेबिलिटी आहे, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, कॉल लावणाऱ्याच्या बाजूने डेटाबेस बघूनच राउटिंग करायचं असतं. तो डेटाबेस कोण बघणार, किती वेळाने अपडेट करणार आणि चुकीच्या ठिकाणी आलेला कॉल पुढे पाठवायचा की सोडायचा, हे लिहिलेलं नसलं की ग्राहक दोन्हीकडे तक्रार करतो आणि दोन्हीकडून त्याला समोरच्याचं नाव सांगितलं जातं.

राहिलं वादाचं कलम. मुलं हौसेने लिहितात, न्यायक्षेत्र फक्त पुणे. लायसन्स असलेल्या दोन भारतीय ऑपरेटरमधला इंटरकनेक्टचा वाद ट्राय कायद्याच्या कलम १४ खाली टीडीसॅटकडे, म्हणजे दूरसंचारच्या न्यायाधिकरणाकडे, जातो, आणि ते दिल्लीत आहे. त्याआधी दोन्ही कंपन्यांच्या कोणत्या पदाच्या माणसांनी किती दिवसांत बसून बोलायचं हे लिहा. नाव नको, पद लिहा.