सेंट लुशियातला हनिमून: दोन विमानतळांचा घोळ आम्ही असा सोडवला

लग्नानंतर लंडनहून सेंट लुशियाला जायचं ठरलं. हॉटेल उत्तरेला, रॉडनी बेला बुक केलं आणि मगच लक्षात आलं की बेटावर विमानतळ दोन आहेत. कॅस्ट्रीजचा छोटा विमानतळ आमच्या हॉटेलजवळ, पण लंडनची विमानं उतरतात दक्षिण टोकाला, ह्यूअनोरात. तिथून उत्तरेला दीड तासाचा डोंगराळ, वळणावळणाचा रस्ता. माझ्या नवऱ्याला घाटात हमखास गाडी लागते. जवळपास नऊ तासांच्या विमानप्रवासानंतर हे नकोच होतं.

म्हणून मुक्कामाचे दोन भाग केले. पहिल्या तीन रात्री सूफ्रिएरला, म्हणजे विमानतळापासून बऱ्यापैकी जवळ. खिडकीतून समोर पिटॉनचे दोन सुळके! २००४ पासून ते जागतिक वारसा यादीत आहेत. सकाळी ढग उतरलेले असताना पाहिले, तेव्हा मला खरंच रडू आलं. गंधकाच्या झऱ्यांपाशी गरम चिखल अंगाला फासून घेतला, तेही अवश्य करा.

मग उत्तरेला जायला टॅक्सीऐवजी बोट घेतली. पश्चिम किनाऱ्याचा समुद्र बराच शांत असतो, नवऱ्याला काही त्रास झाला नाही. बोटीचं भाडं आधीच ठरवा, आणि अमेरिकन डॉलर की तिथले पूर्व कॅरिबियन डॉलर, हे स्पष्ट विचारा. एका अमेरिकन डॉलरला २.७० पूर्व कॅरिबियन डॉलर, त्यामुळे फरक मोठा पडतो.

जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ, आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो.