फोटोत हमिंगबर्डचे पंख धूसर येत होते. हा उपाय लागू पडला

लक्षण असं: डोळा, चोच लख्ख, पण पंखांच्या जागी धुरकट पट्टा. फ्लॅश लावला की त्या पट्ट्यावर पंखाची दुसरी कडा उमटायची.

शटर १/४००० सेकंदापर्यंत नेलं, तरी टोकं पुसटच, वर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) चढून फोटोत दाणे. हायस्पीड सिंकनेही, म्हणजे वेगवान शटरसोबत फ्लॅश चालवणाऱ्या सोयीनेही, तेच. त्यात फ्लॅश एकदाच न चमकता झटक्यांत पेटत राहतो. दोन आठवडे पहाटे उठून हाती काहीच नाही, रडू यायचं बाकी होतं.

रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड सेकंदाला सुमारे ५० वेळा पंख मारतो. ते गोठवतो तो शटर नव्हे, फ्लॅशचा अतिशय छोटा झोत. आणि पॉवर जितकी कमी, तितका झोत छोटा.

आधी फीडर (पक्ष्यांसाठी टांगलेलं साखरपाण्याचं भांडं) गडद सावलीत हलवा. कॅमेरा मॅन्युअलवर: शटर १/२०० सेकंद, लेन्सचं छिद्र एफ/११, आयएसओ ४००. आता फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. तो जवळजवळ काळाच यायला हवा. माझं घोडं इथेच अडलं होतं: उरलेल्या उजेडानेच तो पट्टा उमटत होता. मग हायस्पीड सिंक बंद, फ्लॅश मॅन्युअलवर, पूर्ण पॉवरच्या १/३२ वर. दोन फ्लॅश फीडरपासून अर्ध्या मीटरवर, तिसरा मागच्या हिरव्या पुठ्ठ्यावर, नाहीतर पार्श्वभूमी काळीकुट्ट येते. फीडरचं एकच छिद्र उघडं ठेवा. घोट घेऊन पक्षी किंचित मागे सरकून तरंगतो. फोकस तिथे, क्लिकही तेव्हाच.

पहिल्याच फोटोत पंखाचं पीस न् पीस वेगळं दिसलं, चोचीच्या बुडाशी पिवळे परागकणसुद्धा.

पंखांची थोडी हालचाल हवी असेल तर पॉवर १/४ करा आणि फ्लॅश मागे घ्या.