हुमणीचे भुंगेरे आणि बांधावरचे भेक: मृगाआधीचे पंधरा दिवस

वळवाचे एक-दोन चांगले दणके बसले, की संध्याकाळी सात-साडेसातला हुमणीचे, म्हणजे पिकाची मुळं खाणाऱ्या अळीचे, भुंगेरे जमिनीतून वर येतात आणि बांधावरच्या बाभळी-कडुनिंबावर जमतात. त्याच सांजेला भेगांतून, दगडांखालून भेकही (खरबरीत कातडीचे बेडूक) बाहेर पडतात. पावसाची वर्दी दोघांना एकदमच लागते. मागच्या वर्षी करवीरमधल्या आमच्या उसाच्या कडेला बॅटरी घेऊन बसलो होतो. फांदीवरून भुंगेरा टपकला, की खालचा भेक दोन पावलं सरकायचा, क्षणभर थांबायचा आणि जीभ दिसायच्या आत भुंगेरा तोंडात. बाहेर राहिलेला पाय हातानं आत ढकलायचा, डोळे मिटून गिळायचा, की पुढच्याची वाट बघत बसायचा.

नुसत्या भेकांच्या जिवावर हुमणी जाणार नाही. फांद्या हलवून भुंगेरे गोळा करा, रॉकेलच्या पाण्यात टाका. प्रकाश सापळा लावलात, तर पाण्याचं घमेलं जमिनीवर ठेवू नका. उजेडाखाली किडे टिपायला आलेला भेक त्यातच पडतो. घमेलं तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर गुडघाभर उंच ठेवा आणि साडेनऊ-दहाला दिवा बंद करा. अळीसाठी शेणखतातून मेटारायझियम ही अळी मारणारी बुरशी द्या. फोरेट या कीटकनाशकावर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. कोपऱ्यात जुना डबा उरला असेल, तर ‘संपवून टाकू’ म्हणून सरीत ओतू नका.

मे महिन्यात बांध पेटवायची खोड मात्र सोडाच. वरून गवत जळतं, आत दडलेले सरडे, साप, त्यांची अंडी भाजून निघतात. गवत नको असेल तर कापून घ्या, आणि कडेला दोन हातांचा पट्टा राहू द्या.

राधानगरी, गगनबावडा, आजऱ्याकडच्या भातकऱ्यांसाठी थोडं वेगळं. पहिल्या मोठ्या पावसात खाचराच्या कोपऱ्यात पाणी साचतं, तिथं मोठ्या बेडकांचे पिवळेधमक नर ओरडायला लागतात. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्यांना पकडायला बंदी आहे. त्यांची पिल्लं बरेच दिवस कल्ल्यांनी आणि कातडीतून श्वास घेतात, त्यामुळं औषधाचं पाणी थेट अंगात भिनतं. एखादं डबकं चिखलणीतून वगळता आलं तर वगळा. बांधावर तणनाशक मारायचंच असेल, तर पाण्यापासून दूर मारा. पंप तर ओढ्यात धुवूच नका. खणताना निळसर-काळं, कड्याकड्यांचं, हातभर लांब काही निघालं, तर पहार उगारण्याआधी नीट बघा. देवगांडूळ असेल. ते गांडूळही नव्हे आणि सापही नव्हे, बेडकाचं भावकीतलं, बिनपायाचं जनावर. ओली माती टाकून झाकून द्या.

आता लांबडं जनावर. उसात उंदीर आहेत म्हणून धामण आहे. ती म्हशीचे पाय बांधून दूध पिते, हे आमच्या आजीनंही सांगितलं होतं. पण सापाच्या तोंडाला ओढून प्यायची सोयच नाही. धामण बिनविषारी आहे, तिला जाऊ द्या. डुकरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी जमिनीपासून वीतभर वर बांधा. जमिनीला टेकलेल्या जाळीत साप अडकतो, ओढाताणीत दोरा कातडीत रुततो आणि दोन दिवसांनी वासावरून कळतं. जुन्या साडीचं कुंपण त्या मानानं बरं. कठडा नसलेल्या विहिरीत पोत्यांची एक लांब पट्टी पाण्यापर्यंत सोडून ठेवा, पडलेलं जनावर तिला धरून वर येतं.

घोणस, नाग, मण्यार, फुरसं आपल्याकडं आहेतच. पाचटात हात घालण्याआधी काठीनं उसकटा, रात्री बॅटरीशिवाय पाणी पाजायला जाऊ नका, घरात जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी गादीखाली खोचा. मण्यार बहुतेकदा माणूस झोपेत असताना चावते आणि पुष्कळदा दुखतही नाही. दंश झाला तर चिरणं, आवळून बांधणं, मंत्र यात वेळ घालवू नका. हात किंवा पाय हलवू न देता 108 ला फोन करा आणि प्रतिविष असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय गाठा.