गुणतक्ता मागून वाचा: फुटबॉलच्या साखळी फेरीचा हिशेब कसा मांडावा

३० नोव्हेंबर २०२२. कतारच्या विश्वचषकात पोलंड अर्जेंटिनाकडून ०-२ असा हरला आणि पुढच्या फेरीत गेला. त्याच वेळी दुसऱ्या मैदानावर मेक्सिकोने सौदी अरेबियाला २-१ असं हरवलं आणि घरचा रस्ता धरला. हरलेला पुढे, जिंकलेला घरी. एरवी फक्त बाद फेरीचे सामने बघणाऱ्याला यात काहीतरी गडबड वाटेल. गडबड काही नाही, साखळी फेरी अशीच चालते.

तिचे नियम अवघड नाहीत. अडचण होते ती तक्ता वरून खाली वाचायच्या सवयीमुळे. पहिला कोण, दुसरा कोण एवढं बघून आपण थांबतो. खरं तर शेवटच्या सामन्यांच्या आधी कागद घेऊन बसायचं आणि ‘आज काय झालं तर कोण जाईल’ इथून सुरुवात करून मागे यायचं. तो कागद कसा तयार करायचा ते पाहू.

पायरी १: किती गट आणि किती जणांना जागा, ते आधी बघा

एका गटात बहुतेक वेळा चार संघ असतात. प्रत्येक जण बाकीच्या तिघांशी एकेकदा खेळतो. म्हणजे प्रत्येकाचे तीन सामने, गटाचे मिळून सहा.

१९९८ ते २०२२ या काळात विश्वचषकात ३२ संघ होते. आठ गट, प्रत्येक गटातले पहिले दोघे पुढे, उरले सोळा. हिशेब स्वच्छ. २०२६ साठी संघ ४८ झाले आणि गट १२. पहिल्या दोघांचे २४ होतात, पण बाद फेरीला ३२ लागतात, म्हणून तिसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या बारांपैकी सरस आठ जणांनाही जागा. युरोपीय देशांच्या युरो स्पर्धेत २०१६ पासून २४ संघ, सहा गट आणि तिसऱ्यांपैकी चौघांना संधी आहे.

४८ संघांसाठी फिफाने आधी तीन-तीन संघांचे सोळा गट ठरवले होते. मार्च २०२३ मध्ये तो बेत सोडून दिला, ते बरंच झालं. तिघांच्या गटात शेवटचा सामना दोघांत होतो आणि तिसरा नुसता बघत बसतो. मैदानावरच्या दोघांना नेमका कोणता निकाल सोयीचा आहे हे आधीच माहीत असतं. त्यातून काय होऊ शकतं, ते पुढे येईलच.

गट पडतात ते सोडतीने. जागतिक क्रमवारीनुसार संघ चार भांड्यांत वाटतात, यजमान पहिल्या भांड्यात असतो, आणि प्रत्येक भांड्यातून एकेक चिठ्ठी काढत गट भरत जातात. एकाच खंडाचे दोन संघ एका गटात येऊ देत नाहीत. युरोपला मात्र यात सूट आहे, कारण तिथले संघच गटांपेक्षा जास्त असतात.

पायरी २: गुणांचा अंदाज बांधा

विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, पराभवाला शून्य. साखळीत अतिरिक्त वेळ नाही, बरोबरी झाली की ती बरोबरीच. १९९० पर्यंत विश्वचषकात विजयाला दोनच गुण मिळायचे. १९९४ पासून तीन झाले, आणि बरोबरीवर समाधान मानणं महाग पडू लागलं.

आता थोडं अंकगणित. सहाही सामने निकाली लागले तर गटात एकूण १८ गुण वाटले जातात. तिघांचे सात-सात धरले तर २१ होतात, म्हणजे ते अशक्य. म्हणून सात गुण झालेला संघ पहिल्या दोघांत असतोच, डोळे झाकून लिहा. सहाची मात्र खात्री देता येत नाही. १९९४ मध्ये नेदरलँड्स, सौदी अरेबिया आणि बेल्जियम या तिघांचेही सहा-सहा गुण झाले, मोरोक्कोचा शून्य, आणि बेल्जियम तिसरा राहिला. उलट १९९८ मध्ये चिलीने तिन्ही सामने बरोबरीत सोडवले आणि अवघ्या तीन गुणांवर दुसरा क्रमांक पटकावला. गुणांचा आकडा एकटा काही सांगत नाही. बाकीच्या तिघांनी आपसात काय केलं, ते शेजारी ठेवून तो वाचायचा.

पायरी ३: समान गुण झाले तर काय, हा नियम सामन्याआधी शोधून ठेवा

बहुतेक जण इथेच चुकतात, कारण सगळ्या स्पर्धांचा नियम एक नसतो.

२०२२ पर्यंत विश्वचषकात समान गुण झाले की आधी तिन्ही सामन्यांतला गोलफरक बघत, म्हणजे केलेल्या गोलांतून स्वीकारलेले वजा. क्रिकेटमध्ये नेट रनरेट जे काम करतो, तेच. तोही सारखा असेल तर एकूण केलेले गोल, आणि त्यानंतर आपसातला सामना. युरोत क्रम उलटा: आधी आपसातला सामना, मग एकूण गोलफरक. २०२६ च्या विश्वचषकासाठी फिफानेही आपसातल्या सामन्याला पहिला मान दिला. म्हणजे कतारच्या वेळी पाठ केलेलं आता उपयोगाचं नाही.

दोघांचे गुण समान असतील तर आपसातला सामना म्हणजे कोणी कोणाला हरवलं, विषय संपला. तिघांचे समान झाले तर मात्र चौथ्या संघाबरोबरचे सामने खोडायचे आणि उरलेल्या तिघांचा वेगळा छोटा तक्ता मांडायचा. युरो २००४ मध्ये इटली, स्वीडन आणि डेन्मार्क तिघांचेही पाच गुण झाले. तिघांनीही बल्गेरियाला हरवलं होतं, ते सामने बाजूला ठेवा. उरलं काय? इटली-डेन्मार्क ०-०, इटली-स्वीडन १-१, स्वीडन-डेन्मार्क २-२. छोट्या तक्त्यात प्रत्येकाचे दोन गुण, फरक शून्य. पण गोल? स्वीडनचे तीन, डेन्मार्कचे दोन, इटलीचा एक. इटली एकही सामना न हरता बाहेर. शेवटचा सामना २-२ किंवा त्याहून जास्त गोलांच्या बरोबरीत सुटला तर असंच होणार, हे आधीच सगळ्यांना दिसत होतं, आणि स्वीडनचा बरोबरीचा गोल ८९ व्या मिनिटाला आला. इटलीत अशा संशयास्पद सोयीच्या निकालाला ‘बिस्कोत्तो’, म्हणजे बिस्कीट, म्हणतात. त्या रात्री तो शब्द भरपूर वापरला गेला असणार.

सगळंच सारखं निघालं तर कार्डं मोजतात. पिवळ्याला एक गुण वजा, दुसऱ्या पिवळ्यामुळे लाल झालं तर तीन, थेट लालला चार, आणि आधी पिवळं नि मग थेट लाल असेल तर पाच. हे कागदावरचं कलम वाटतं, पण २०१८ मध्ये जपान आणि सेनेगल यांचा निवाडा यावरच झाला. दोघांचे चार गुण, गोल ४-४, आपसातला सामना २-२. जपानची पिवळी कार्डं चार, सेनेगलची सहा. शेवटच्या सामन्यात जपान पोलंडविरुद्ध ०-१ ने मागे होता, आणि तरीही अखेरची मिनिटं त्याने आपल्याच अर्ध्यात चेंडू इकडून तिकडे सरकवत काढली. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. कारण दुसरीकडे कोलंबिया सेनेगलविरुद्ध १-० ने पुढे होता, आणि जपानला गोलापेक्षा पिवळ्या कार्डाची भीती जास्त होती. सेनेगलने एक गोल केला असता तर जपानला तोंड दाखवायला जागा उरली नसती. मला तो डाव आजही आवडत नाही, पण हिशेब चोख होता.

त्याही पुढे पूर्वी चिठ्ठी असायची. १९९० मध्ये आयर्लंड आणि नेदरलँड्स यांचं सगळंच जुळलं, तेव्हा दुसरा कोण आणि तिसरा कोण हे चिठ्ठी टाकून ठरलं. सुदैवाने दोघेही पुढे गेले. २०२६ च्या नियमांत चिठ्ठीच्या जागी जागतिक क्रमवारी आली.

पायरी ४: नऊ चौकटी काढा

हा कागदाचा गाभा. शेवटच्या दिवशी गटात दोन सामने असतात आणि प्रत्येकाचे निकाल तीन प्रकारचे. तीन गुणिले तीन, नऊ चौकटी. यापेक्षा जास्त काही होऊच शकत नाही.

वर सांगितलेला २०२२ चा गट घेऊ. शेवटच्या दिवसाआधी तक्ता असा होता:

पोलंड: ४ गुण, फरक +२
अर्जेंटिना: ३ गुण, फरक +१
सौदी अरेबिया: ३ गुण, फरक −१
मेक्सिको: १ गुण, फरक −२

उरलेले सामने पोलंड-अर्जेंटिना आणि सौदी-मेक्सिको. आडव्या तीन ओळी पहिल्या सामन्याच्या, उभे तीन रकाने दुसऱ्याच्या.

पहिली ओळ, पोलंड जिंकला: पोलंडचे सात. अर्जेंटिना तीनवर अडकतो आणि बाहेर जातो, दुसरीकडे काहीही होवो. ही ओळ झाली की अर्जेंटिनाच्या पाठीराख्यांची झोप का उडाली होती ते कळतं.

दुसरी ओळ, बरोबरी: पोलंड पाचवर, सुखरूप. अर्जेंटिना चारवर. सौदी जिंकला तर सहा गुणांवर तो पुढच्या फेरीत. मेक्सिको जिंकला तर त्याचेही चार, पण अर्जेंटिनाला गाठायला विजय किमान तीन गोलांचा हवा. आणि मधली चौकट, म्हणजे दोन्हीकडे बरोबरी? सौदीचेही चार. तेव्हाच्या नियमाने गोलफरकावर अर्जेंटिना पुढे गेला असता. २०२६ च्या नियमाने आपसातला सामना आधी बघायचा, आणि सौदीने अर्जेंटिनाला २-१ ने हरवलं होतं. म्हणजे निकाल तोच, पण पुढे जाणारा संघ वेगळा! नियम आधी बघून ठेवा म्हणतो तो यासाठी.

तिसरी ओळ, अर्जेंटिना जिंकला: त्याचे सहा. सौदी जिंकला तर पोलंड बाहेर. सौदी-मेक्सिको बरोबरी झाली तर पोलंडला फक्त मोठा पराभव टाळायचा. आणि मेक्सिको जिंकला तर पोलंड आणि मेक्सिको दोघे चारवर. या चौकटीत लगेच नाव लिहू नका, ‘गोल मोजा’ असं लिहा.

नेमकी तीच चौकट उघडली. भरपाई वेळ सुरू होताना अर्जेंटिना २-०, मेक्सिको २-०. पोलंड आणि मेक्सिको दोघांचे चार गुण, दोघांचे गोल २-२, आपसातला सामना ०-०. पोलंडची पाच पिवळी कार्डं, मेक्सिकोची सात. मेक्सिकोला आणखी एका गोलाची गरज होती, आणि त्याच्या मागे धावताना भरपाई वेळेच्या पाचव्या मिनिटाला सौदीनेच गोल केला. पहिल्या अर्ध्यात पोलंडचा गोलरक्षक श्चेस्नीने मेस्सीची पेनल्टी अडवली होती. निकालाकडे पाहिलं तर ती फुकट गेली, कारण पोलंड हरलाच. तक्त्याकडे पाहिलं तर तिच्याच जोरावर पोलंडचा फरक शून्यावर टिकला.

पायरी ५: तिसऱ्यांचा वेगळा तक्ता ठेवा

वेगवेगळ्या गटांतले तिसरे आपसात खेळलेले नसतात, म्हणून इथे गुण, मग एकूण गोलफरक, मग केलेले गोल. चार गुण असतील तर बहुधा काळजी नको. तीन असतील तर फरक बघा. युरो २०१६ मध्ये पोर्तुगाल तीन बरोबऱ्या करून तिसरा आला, तीन गुणांवर आत शिरला आणि शेवटी करंडक घेऊन गेला. अल्बेनियाचेही तीनच गुण होते, पण फरक उणे दोन. आपला गट संपल्यावर ते तीन दिवस इतरांचे निकाल बघत बसले आणि मग परतले. ज्यांचा गट उशिरा संपतो त्यांना किती गुण आणि किती गोल हवेत हे नेमकं ठाऊक असतं. या पद्धतीतला हा अन्याय मला तरी खटकतो.

आणि चौथ्याला जागा नाही, गुण कितीही असोत. युरो २०२४ मध्ये रोमानिया, बेल्जियम, स्लोव्हाकिया आणि युक्रेन चौघांचेही चार-चार गुण झाले आणि युक्रेन बाहेर गेला.

पायरी ६: शेवटच्या दिवशी दोन पडदे लावा

गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू होतात. याचं मूळ १९८२ मध्ये, स्पेनमधल्या गिहोन शहरात आहे. अल्जीरिया आदल्या दिवशीच आपला शेवटचा सामना जिंकून बसला होता. पश्चिम जर्मनीने ऑस्ट्रियाला एक किंवा दोन गोलांनी हरवलं की दोघेही पुढे जाणार होते. दहाव्या मिनिटाला पश्चिम जर्मनीच्या हॉर्स्ट ह्रुबेशने गोल केला आणि उरलेला सामना दोघांनी चेंडू फिरवण्यात घालवला. पश्चिम जर्मनीला २-१ ने हरवणारा अल्जीरिया बाहेर पडला. पुढच्या विश्वचषकापासून शेवटचे सामने एकाच वेळी ठेवले जाऊ लागले.

म्हणून एक सामना टीव्हीवर, दुसरा फोनवर, मध्ये कागद. गोल झाला की आपण कोणत्या चौकटीत आहोत ते बोटाने दाखवा आणि चालू स्थिती पेन्सिलनेच लिहा. १ डिसेंबर २०२२ ला जपान स्पेनविरुद्ध २-१ ने पुढे असताना ७० व्या मिनिटाला कोस्टा रिकाने जर्मनीवर २-१ अशी आघाडी घेतली. तक्त्यात जपान आणि कोस्टा रिका वर, स्पेन आणि जर्मनी दोघेही बाहेर. तीन मिनिटांनी जर्मनीच्या काई हाव्हर्ट्झने बरोबरी साधली आणि कोस्टा रिकाचं नाव खोडावं लागलं.